गावाचा नकाशा कोणासाठी?



कोणत्याही नगरपालिकेच्या कचेरीत विकास योजनेचा एक रंगीत नकाशा असतो. पिवळा भाग राहत्या घरांचा, निळा दुकानांचा, जांभळा कारखान्यांचा आणि हिरवा मोकळ्या जागांचा. आपल्यापैकी बहुतेकांना ह्या नकाशाची आठवण होते ती घर बांधायला किंवा जमीन विकायला निघाल्यावरच. परंतु त्यावरील एका रेघेने एकाच्या जमिनीचा भाव कितीतरी पटींनी चढतो आणि शेजाऱ्याचा होता तेथेच राहतो. एवढेच नव्हे, तर कोणत्या ऐपतीच्या माणसाने गावात राहायचे आणि कोणत्या ऐपतीच्या माणसाने वेशीबाहेर थांबायचे, हेही ती रेघ गुपचूप ठरवून टाकते. पूर्वी वेशीवर पहारेकरी असे. तो कोणाला अडवतो हे निदान डोळ्यांना दिसे. रेघेचा पहारा दिसत नाही.

ह्या रेघेमागे काय दडले आहे, हे शोधण्यात अमेरिकेतील एका कायद्याच्या प्राध्यापकाने अर्ध्या शतकाहून अधिक काळ घालविला. त्यांचे नाव चार्ल्स मन्रो हार. १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथे त्यांचा जन्म झाला आणि अगदी लहानपणी ते अमेरिकेत आले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी आरमारात नोकरी केली, १९४८ साली हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेतली, १९५२ पासून तेथेच शिकविले आणि २०१२ च्या जानेवारीत ९१ व्या वर्षी ते निवर्तले. जंत्री एवढी पुरे. त्यांच्या आडनावाचे मराठीत जे दोन अर्थ होतात, ते दोन्ही त्यांच्या वाट्याला आले. आणि पुष्कळदा एकाच कामात आले.

त्यांची कामगिरी समजण्यासाठी अमेरिकेतील स्थानिक राज्यकारभाराची एक खुबी ध्यानात घ्यावी लागते. तेथील टाउनशिप म्हणजे आपल्याकडील ग्रामपंचायत आणि नगरपालिका ह्यांच्या दरम्यानची चीज. पण तिच्या हाती अधिकार मात्र मोठे. जमिनीचा वापर ठरविणे तिच्या हाती असते आणि गावच्या शाळांचा खर्च मुख्यतः घरपट्टीसारख्या स्थानिक मालमत्ता-करावर चालतो. आता ह्यातून निघणारा हिशेब पाहा. मोठ्या बंगल्यात एक-दोन मुले असली तर त्या बंगल्याचा कर शाळेच्या खर्चाहून जास्त भरतो. लहान घरात चार मुले असली तर कर कमी आणि खर्च जास्त. कारखाना आला तर कर येतो आणि मुले येतच नाहीत. मग गावचे कारभारी दुष्ट नसले तरी ह्या हिशेबाने त्यांना एकच दिशा सापडते : कारखान्यांना या म्हणा, बंगल्यांना या म्हणा, आणि लहान घरांना नियमांच्या जाळ्यात अडकवा.

हे जाळे विणण्याचे साधन म्हणजे झोनिंग. ओहायो राज्यात क्लीव्हलँड शहराच्या लगत युक्लिड नावाचे गाव आहे. तेथील नियमांविरुद्ध एका जमीनदार कंपनीने केलेला दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९२६ साली त्या न्यायालयाने झोनिंग घटनेला धरून आहे असा निवाडा दिला. कारखान्याचा धूर घरांपासून दूर ठेवावा, हा हेतू कोणालाही पटण्यासारखाच होता. परंतु त्याच निवाड्यात न्यायमूर्ती सदरलँड यांनी बंगल्यांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या भाड्याच्या बहुमजली इमारतीला बांडगुळाची उपमा दिली. धुराचे नाव घेऊन सुरू झालेली रेघ माणसांवर केव्हा येऊन ठेपली, ते कोणाच्या फारसे लक्षात आले नाही.

हार यांचा पहिला मोठा अभ्यास मात्र अमेरिकेचा नव्हता, इंग्लंडचा होता. १९४७ साली तेथील मजूर सरकारने नगर व ग्राम नियोजनाचा कायदा केला. लुईस सिल्किन हे त्याचे मंत्री. जमीन मालकाचीच राहिली, पण तिचा वापर बदलण्याचा हक्क सरकारजमा झाला. वापर बदलण्याची परवानगी मिळाल्याने जमिनीचा जो भाव वाढेल, तो सर्वच्या सर्व सरकारला द्यायचा. आणि गमावलेल्या हक्काबद्दल मालकांना देण्यासाठी ३० कोटी पौंडांचा निधी राखून ठेवलेला. कल्पना न्याय्य होती. रस्ता समाजाने बांधला, नळ समाजाने आणला, तर त्यामुळे वाढलेला भाव एकट्या मालकाने का खावा? पण वाढीव भावातील एक पैही मिळणार नसेल तर मालक जमीन विकेल कशाला? त्याने हात आखडला. हुजूरपक्ष अधिकारावर आल्यावर १९५३ साली हा आकार रद्द झाला. परवानगीची पद्धत मात्र टिकली, ती आजही आहे. हार यांचे ह्या कायद्यावरील पुस्तक १९५१ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे प्रयोग चालू असतानाच. इंग्लंडातील ह्या विचारांशी आपलेही नाते आहे. १९१५ चा मुंबईचा नगररचना कायदा तेथील १९०९ च्या कायद्याच्या मागोमाग आलेला. पुढे १९५४ चा कायदा आणि नंतर महाराष्ट्राचा १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा ह्यांनी विकास योजना करणे हे नगरपालिकांचे कर्तव्य ठरविले. ज्या रंगीत नकाशापासून मी सुरुवात केली, त्याची वंशावळ ही अशी आहे.

अमेरिकेत परतलेल्या ह्या तरुण प्राध्यापकाला लवकरच एक कज्जा चर्चेला मिळाला. न्यू जर्सी राज्यातील वेन हे न्यू यॉर्कच्या टप्प्यातले, पण तोवर बरेचसे ग्रामीण राहिलेले गाव. १९४९ साली गावाने नियम केला की एकमजली घर ७६८ चौरस फुटांहून लहान असता कामा नये. दुमजली घराला मोटारखाना जोडलेला असेल तर १,००० आणि नसेल तर १,२०० चौरस फूट हवेत. आपल्याकडे चाळीतल्या दहा-बाय-बाराच्या खोलीत संसार झाले आहेत. तशा सहा खोल्या ७६८ फुटांत बसतात आणि वर थोडी जागा उरते! तळ्याकाठी लहान घरे बांधणाऱ्या एका कंपनीने दावा लावला. १९५२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाची बाजू घेतली. निवाडा लिहिणारे सरन्यायाधीश व्हँडरबिल्ट हे न्यायसुधारणेसाठी देशभर गाजलेले नाव. लहान घरात राहिल्याने आरोग्य बिघडते, शिवाय गावाला आपले रूप जपण्याचा अधिकार आहे, असा एकंदर युक्तिवाद होता.

हार यांनी १९५३ साली हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकात ह्या निवाड्यावर लेख लिहिला. त्यातील एक मुद्दा इतका साधा आहे की तो न्यायालयाच्या नजरेतून कसा सुटला याचे नवल वाटावे. नियम आरोग्यासाठी असेल, तर घरात माणसे किती राहणार हे त्यात कोठेतरी असायला हवे. ते कोठेच नव्हते. एकटी विधवा सहाशे फुटांत राहिली तर नियमभंग, आणि दहा माणसांचे कुटुंब ७६८ फुटांत दाटीने राहिले तर नियमपालन. शिवाय मोटारखाना जोडला की राहण्याची जागा दोनशे फुटांनी कमी चालते. मोटारीच्या सहवासाने माणसाचे आरोग्य सुधारते असे कोणी वैद्य सांगत नाही. म्हणजे नियमाचा रोख आरोग्यावर नव्हता, घराच्या किमतीवर होता. किमतीवर म्हणजेच राहणाराच्या मिळकतीवर. एका गावाने असा नियम केला की शेजारचे गाव करते, मग त्याच्या शेजारचे. आणि शेवटी अख्ख्या प्रदेशात मजुराला पाय ठेवायला जागा राहत नाही. लेखावर वाद माजला. दोघा कायदेपंडितांनी गावाच्या बाजूने उत्तर लिहिले. त्याला हार यांनी १९५४ साली दिलेल्या छोट्या प्रत्युत्तराच्या शीर्षकातच प्रश्न होता : झोनिंग, पण कोणासाठी?

त्या वेळी हा वाद ते हरले असेच म्हटले पाहिजे. निवाडा कायम राहिला आणि इतर राज्यांतील गावांनीही तसले नियम केले.

१९५५ साली त्यांनी दुसऱ्या बाजूने चढाई केली. हर्बर्ट हूवर व्यापारमंत्री असताना, १९२० नंतरच्या काही वर्षांत, केंद्र सरकारने राज्यांसाठी झोनिंगच्या कायद्याचा एक नमुना तयार केला होता. झोनिंग हे सर्वसमावेशक योजनेला अनुसरून असावे, असे शब्द त्यात होते आणि बहुतेक राज्यांनी ते जसेच्या तसे उचलले. पण योजना कोठे आहे, असे विचारले की न्यायालये सांगत, झोनिंगचे नियम हीच योजना. म्हणजे नियम स्वतःलाच अनुसरून आहे की नाही हे पाहायचे! हार यांचे म्हणणे असे की, आधी गावाने साऱ्या प्रदेशाचा विचार करून योजना लिहावी, ती सर्वांसमोर ठेवावी आणि मग प्रत्येक नियम तिच्याशी ताडून पाहावा. अशा योजनेला त्यांनी अस्थायी राज्यघटना म्हटले. ती बदलता येईल, पण एखाद्या बिल्डरच्या भेटीनंतर एका रात्रीत नव्हे. १९७१ साली कॅलिफोर्नियाने तसा कायदा केला आणि १९७५ साली ऑरेगॉनच्या सर्वोच्च न्यायालयाने तसा निवाडा दिला. १९५९ साली त्यांनी जमीनवापराच्या खटल्यांचे जे जाडजूड पाठ्यपुस्तक सिद्ध केले, त्यामुळे हा विषय वकिलांच्या शिक्षणात कायमचा आला.

आता वॉशिंग्टनकडे वळू. अध्यापकाच्या हाती अधिकार आला म्हणजे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. अध्यक्ष जॉन्सन यांना विद्यापीठांतील माणसे समित्यांवर घेण्याची हौस होती. १९६४ साली निसर्गसौंदर्याच्या रक्षणासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी हार यांना दिले. १९६५ साली गृहनिर्माण व नगरविकास असे नवे खातेच निघाले आणि १९६६ च्या जानेवारीत रॉबर्ट वीव्हर त्याचे मंत्री झाले. अमेरिकेच्या मंत्रिमंडळात बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ. त्यांच्या हाताखाली महानगर विकासाचे सहायक मंत्री म्हणून हार यांनी १९६९ पर्यंत काम केले.

त्यापूर्वीच, १९६५ च्या शेवटी, एका लहानशा समितीत बसून त्यांनी एका योजनेला आकार द्यायला मदत केली होती. तीच पुढे आदर्श नगर योजना म्हणून ओळखली गेली. समितीचे प्रमुख रॉबर्ट वूड. सभासदांत मोटार-कामगारांचे पुढारी वॉल्टर रॉयथर होते आणि नागरी हक्कांच्या चळवळीतील व्हिटनी यंग होते. कल्पना अशी : सरकारची पंचवीस खाती पंचवीस दिशांनी थोडाथोडा पैसा शिंपडतात, त्याने कोणतेच रोप रुजत नाही. तेव्हा ६६ शहरे निवडावी, त्यांतील एकेक मोडकळीस आलेली वस्ती घ्यावी आणि घरे, शाळा, दवाखाने, रोजगार हे सारे एकदम तेथे ओतावे. ते रुजते की नाही हे साऱ्या देशाने पाहावे.

मग विधेयक काँग्रेसमध्ये गेले. तेथे प्रत्येक मताला किंमत असते आणि प्रत्येक सभासदाला मतदारसंघ असतो. १९६६ च्या नोव्हेंबरात कायदा झाला. परंतु शहरांची संख्या वाढत वाढत शेवटी १५० झाली आणि पैसा काही त्या प्रमाणात वाढला नाही. टेनेसी राज्यातील स्मिथव्हिल हे दोन-तीन हजार वस्तीचे गावही आदर्श नगरांत आले. हे ज्यांचे गाव, ते काँग्रेस-सभासद जो एव्हिन्स नगरविकास खात्याच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या उपसमितीचे प्रमुख होते. ह्यापलीकडे स्पष्टीकरणाची गरज नाही. इतर खात्यांनी आपला निधी ह्या योजनेकडे वळविण्यात चालढकल केली. व्हिएतनामचे युद्ध तिजोरी पोखरतच होते. योजनेची अंमलबजावणीही हार यांच्या हाताखाली नव्हती, दुसऱ्या सहायक मंत्र्याकडे होती. १९७४ साली ती गुंडाळली गेली आणि तिच्या जागी शहरांना ठोक अनुदाने देण्याची पद्धत आली.

१९७५ साली हार यांनी ह्या योजनेचा इतिहास लिहिला. कल्पना आणि वास्तव ह्यांच्या मधल्या जागेचा निर्देश करणारे त्याचे नाव आहे. स्वतः हात लावलेल्या योजनेचे असे शवविच्छेदन फार थोडे अधिकारी करतात. बहुतेकांच्या आठवणींत ते सोडून बाकी सारे चुकलेले असतात. माझ्या मते मात्र ह्या काळातील त्यांचे टिकाऊ काम वेगळ्याच, रुक्ष कलमात आहे. त्याच १९६६ च्या कायद्यात अशी अट होती की महानगर प्रदेशातील कोणत्याही गावाने रस्ते, मलनिस्सारण, मोकळ्या जागा वगैरेंसाठी केंद्राकडे पैसे मागितले तर तो अर्ज आधी सबंध प्रदेशाच्या नियोजन मंडळाच्या नजरेखालून गेला पाहिजे. मंडळाला नकार देण्याचा अधिकार नव्हता, फक्त शेरा मारण्याचा होता. तरीपण गावाला आपल्या वेशीपलीकडे पाहायला लावणारी ती एक बारीकशी सक्ती होती.

हार्वर्डला परतल्यावर त्यांची नजर अधिकाधिक न्यायालयांकडे वळली. मिसिसिपी राज्यात शॉ नावाचे गाव आहे. १९७१ साली वरिष्ठ केंद्रीय न्यायालयापुढे त्याचे प्रकरण आले तेव्हा तेथील वस्ती सुमारे २,५०० होती. १,५०० काळे आणि १,००० गोरे. कच्च्या रस्त्यांवर जी घरे होती त्यांतली जवळजवळ ९८ टक्के काळ्यांची, आणि ज्या घरांना गटारांची जोडणी नव्हती त्यांतली ९७ टक्के काळ्यांच्या वस्तीतली. न्यायालयाने गावाला दोषी धरले. पण १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात ठरविले की घटनेतील समतेच्या कलमाखाली नुसता परिणाम दाखवून भागणार नाही, भेदभावाचा हेतू सिद्ध केला पाहिजे. हेतू कोण लिहून ठेवतो? तेव्हा हार आणि डॅनियल फेसलर यांनी १९८६ च्या आपल्या पुस्तकात जुन्या इंग्रजी रूढ कायद्याचा खजिना उघडला. मध्ययुगातील नावाडी, सराईचा मालक, गिरणीवाला ह्यांच्यावर एक बंधन असे : जो येईल त्याला वाजवी मोलात सेवा दिली पाहिजे, तोंड पाहून नव्हे. पुढे हेच बंधन रेल्वेवर आणि पाणी-वीज कंपन्यांवर आले. मग नळ आणि गटार पुरविणारी नगरपालिका त्यातून कशी सुटते? नावाड्याचा धर्म नगरपालिकेला लावणारा हा विचार मला त्यांच्या साऱ्या लिखाणात अधिक मोलाचा वाटतो. न्यायालयांनी तो म्हणावा तेवढा उचलला नाही, हे खरे.

ह्याच काळात त्यांच्याकडे एक काम चालून आले. बॉस्टन बंदराला लागून क्विन्सी शहर आहे. तेथील समुद्रकिनारा मैल्याने बरबटलेला असे, कारण बॉस्टन आणि भोवतालच्या एकंदर ४३ गावांचे सांडपाणी नीट शुद्ध न होताच बंदरात जाई. क्विन्सीचे सरकारी वकील विल्यम गोल्डन किनाऱ्यावर सकाळी धावायला गेले असता त्यांचा पाय घाणीत पडला आणि १९८२ च्या डिसेंबरात दावा दाखल झाला. न्यायाधीश पॉल गॅरिटी हे मुलखावेगळे गृहस्थ. बॉस्टनचे सार्वजनिक गृहनिर्माण मंडळ घरांची दुरुस्ती करीना, तेव्हा त्यांनी ते मंडळच काढून घेऊन रिसीव्हरच्या ताब्यात दिले होते. १९८३ च्या उन्हाळ्यात त्यांनी हार यांना न्यायालयाचे विशेष अधिकारी नेमले आणि अहवालाला तीस दिवसांची मुदत दिली.

एका महिन्यात अहवाल आला. दोष यंत्रांचा जेवढा, तेवढाच कारभाराच्या घडणीचा, असे त्यात निघाले. जलनिस्सारण पाहणाऱ्या आयोगाला स्वतःचे उत्पन्न नव्हते. पैसा विधिमंडळाकडून येई आणि विधिमंडळाला जमिनीखालच्या नळांपेक्षा जमिनीवरच्या इमारतींचे उद्घाटन प्रिय. तेव्हा आकार बसविण्याचा आणि कर्ज उभारण्याचा अधिकार असलेले स्वतंत्र प्राधिकरण हवे, असा निष्कर्ष होता. विधिमंडळ वर्षभर ढिम्म हलले नाही. मग १९८४ च्या नोव्हेंबरात गॅरिटी यांनी नव्या इमारतींना गटारजोडणी बंद करण्याचा हुकूम काढला. गटार नाही म्हणजे बांधकाम नाही. बांधकाम नाही म्हणजे कर्ज नाही. जे काम समुद्रातील माशांना साधले नव्हते ते बिल्डरांच्या आणि बँकांच्या हाकाटीने साधले. डिसेंबरात प्राधिकरणाचा कायदा झाला. पुढे केंद्रीय न्यायालयाच्या देखरेखीखाली डिअर बेटावर भव्य शुद्धीकरण केंद्र उभे राहिले आणि २००० च्या सप्टेंबरात समुद्राखालून साडेनऊ मैल जाणारा बोगदा सुरू झाला. एकूण खर्च सुमारे ३८० कोटी डॉलर. तो पाणीपट्टीतून वसूल होऊ लागला तेव्हा गरिबांच्या घरची बिले भरमसाट चढली, हेही सांगितले पाहिजे. हार यांच्या चाहत्यांकडून ते कधीकधी सांगायचे राहते. तीन वर्षे मंत्रालयात बसून जे साधले नाही, ते तीस दिवसांच्या ह्या नेमणुकीने मार्गी लागले. त्यामागे न्यायाधीशाचा हुकूम होता आणि हुकुमामागे बांधकाम अडण्याची भीती होती, ही गोष्ट वेगळी.

आता पुन्हा न्यू जर्सी. माउंट लॉरेल हे फिलाडेल्फियाच्या बाजूचे गाव. १९५० साली वस्ती २,८१७. १९७० साली ११,२२१. गावात पिढ्यान् पिढ्या राहिलेली कृष्णवर्णीय कुटुंबे होती आणि त्यांची मुलेबाळे मोडक्या खोपटांत राहत होती. त्यांच्या मंडळाने ३६ भाड्याचे गाळे बांधण्याची परवानगी मागितली. गावाने नाकारली, आणि त्याच लोकांच्या प्रार्थनामंदिरात येऊन प्रमुख कारभाऱ्याने सांगितले की ज्यांना परवडत नसेल त्यांनी दुसरीकडे जावे. एथेल लॉरेन्स नावाच्या बाईंनी आणि इतरांनी दावा लावला.

नियम पाहण्यासारखे होते. गावाच्या २९ टक्के जमिनीवर कारखान्यांचा रंग. ४,००० हून अधिक एकर राखलेले आणि वापरात जेमतेम शंभर. घर बांधायचे तर स्वतंत्रच, आणि लहानात लहान तुकडा ९,३७५ चौरस फुटांचा, म्हणजे साडेआठ गुंठ्यांहून अधिक. मोठ्या गृहसंकुलांना ज्या थोड्या परवानग्या दिल्या त्यांत अट अशी की एका शयनगृहाच्या गाळ्यात शाळकरी मूल असू नये, आणि सगळ्या संकुलात मिळून दर गाळ्यामागे ०.३ हून अधिक शाळकरी मुले निघाली तर वरच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च बांधणाऱ्याने द्यावा. तीन-दशांश मूल! गावाच्या हिशेबवहीत मूल कसे दिसते ते इथे अपूर्णांकात लिहून ठेवलेले आहे.

१९७५ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती हॉल यांच्या लेखणीतून सांगितले की वाढत्या गावाने प्रदेशातील गरजेचा आपला वाजवी वाटा उचललाच पाहिजे. गरिबांच्या घरांना जागा ठेवलीच पाहिजे. आधार राज्याच्या घटनेचा घेतला, त्यामुळे वॉशिंग्टनला अपील उरले नाही. आणि १९७९ साली बर्लिन नावाच्या गावच्या खटल्यात त्याच न्यायालयाने राहणाऱ्यांची संख्या न पाहता घराचे किमान क्षेत्रफळ ठरविणे बेकायदेशीर ठरविले, आणि १९५२ चा वेनचा निवाडा बाजूला सारला. हार यांच्या लेखाला तोवर २६ वर्षे झाली होती.

गावांनी निवाड्याला वाटाण्याच्या अक्षता लावल्या. तेव्हा १९८३ च्या जानेवारीत सरन्यायाधीश विलेंट्झ यांनी दुसरा निवाडा दिला. संकुलातील पाचव्या हिश्श्याइतकी घरे कमी मिळकतीच्या लोकांसाठी ठेवणाऱ्या बिल्डरला, गाव अडून बसले तर, न्यायालयच परवानगी देईल. आणि हे खटले केवळ तीन खास न्यायाधीश चालवतील. १९९६ साली हार यांनी ह्या साऱ्या लढ्यावर ग्रंथ लिहिला. त्या तिघा न्यायाधीशांना भेटून, त्यांनी आकडे कसे बसविले, दबाव कसा सोसला हे विचारून लिहिला.

आक्षेप उघडच आहे. निवडून न आलेल्या न्यायाधीशांनी गावात घरे किती हवीत हे ठरवावे काय? हा आक्षेप हलका नाही. गावोगावची माणसे रागावली ती सगळीच वर्णद्वेषी नव्हती. आयुष्याची पुंजी ज्या एका घरात घातली त्याचा भाव पडेल ही धास्ती खरी असते. पण ह्या प्रकरणात लोकशाहीचा युक्तिवाद एका जागी लंगडा पडतो. ज्याला गावाबाहेर ठेवले आहे त्याला त्या गावात मत नाही. तो आत आला असता तर मतदार झाला असता. आणि आत येऊ द्यायचे की नाही हे मत देणारे सगळे आधीच आत आलेले. अशा ठिकाणी निवडणुकीचा कौल घ्या म्हणणे म्हणजे आगगाडीच्या डब्यात बसलेल्यांना, फलाटावरच्यांना दार उघडायचे काय, असे विचारण्यासारखे आहे. हार यांचा न्यायालयांवरील भरवसा मला सगळीकडे पटत नाही. बॉस्टनच्या बिलांत त्याची किंमत दिसतेच. ह्या जागी तो पटतो.

विधिमंडळाने १९८५ साली मधला मार्ग काढला. खटले न्यायालयांकडून काढून एका मंडळाकडे दिले आणि गावांना आपल्या वाट्याचा निम्मा भाग पैसे देऊन दुसऱ्या गावावर ढकलण्याची सोय केली. बहुधा श्रीमंत उपनगर पैसे देई आणि गरीब शहर ते घेई. म्हणजे गरीब जेथे होते तेथेच राहिले. ही सोय २००८ साली बंद झाली. मंडळाचे काम इतके रेंगाळले की २०१५ साली न्यायालयाने सूत्रे पुन्हा आपल्या हाती घेतली.

खुद्द माउंट लॉरेलमध्ये पहिली परवडणारी भाड्याची घरे उभी राहायला २००० साल उजाडले. त्या वसाहतीला एथेल लॉरेन्स यांचे नाव आहे. त्या १९९४ साली वारल्या होत्या. २०२४ साली राज्याने नवा कायदा करून ते मंडळ रद्द केले, आणि २०२५ पासूनच्या दहा वर्षांसाठी गावोगावचे वाटे नव्याने मोजले गेले. काही गावे त्याविरुद्धही न्यायालयात गेली.